अपुऱ्या पोरीला इंग्रजीत काय म्हणावं

आमच्याकडे मुलगी देताना तिला कमी सांगतात. दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जेवायला समोरासमोर बसली, की मुलीकडच्या सगळ्यांत थोरल्या माणसानं मान लववून म्हणायचं, "आमची पोर अपुरी आहे, पदरात घ्या." मग पोर डॉक्टर असो नाही तर जज्ज. माझ्या आईनं माझ्यासाठी म्हटलं, मी माझ्या दोन्ही मुलींसाठी म्हटलं. यात थोडी लबाडी आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही, मी दाखवते. पोरीला कमी सांगून दिली, की पुढे तिच्यात जे काही निघेल ते जास्तच निघतं. आधीच डोक्यावर चढवून दिली, तर सासू रोज तिला एकेक पायरी खाली उतरवत बसते.

आता हे मी जन्मभर आमच्या भाषेत म्हणत आले. या साली इंग्रजीत म्हणायची पाळी आली.

माझी नात दासोल समुद्रकाठच्या यंगदकला पवनचक्क्यांवर इंजिनिअर आहे. आपण ज्याच्याकडे बघितलं तरी मान दुखते, त्या खांबाच्या पोटातून ती शिडीनं वरपर्यंत चढते, आणि वर जाऊन मला फोन करते, "आजी, इथून तुझं सांगजू गाव दिसतं." दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण करते. तिथेच तिला कॅलम भेटला. स्कॉटलंडचा. लाल केसांचा, आणि अंगानं एवढा लांब, की आमच्या घरात शिरताना दोनदा वाकतो. एकदा दारापाशी, एकदा माझ्यापाशी. आमची भाषा बोलतो, पण मान कुणाला द्यायचा याचा त्याला पत्ता नाही. मला म्हणतो, "आजी, तू बसा," आणि आमच्या कुत्र्याला "आपण".

लग्न झालं की दोघं त्याच्या देशात जाणार, तिथल्या समुद्रात म्हणे आमच्यापेक्षा मोठ्या चक्क्या आहेत. घर मिळेपर्यंत त्याच्या आईकडे राहणार. आई मेंढ्या पाळते. नवऱ्याला मेंढ्यांपाशी ठेवून ती एकटीच आम्हाला भेटायला येणार होती. नाव मॉरॅग.

दासोलचा फोन आला.

"आजी, त्या दिवशी तू नुसतं हसायचं. बोलायचं काही नाही. दोन्हीकडचं मी सांगेन."

"आणि 'अपुरी पोर' कोण सांगणार?"

"ते नको. त्यांना ते कळणार नाही."

"का? त्यांच्याकडे मुली द्याव्या लागत नाहीत? झाडावरून पडतात?"

"बरं बाई, तू आपल्या भाषेत म्हण, मी त्यांना सांगते."

"तू? आपल्याच तोंडानं आपल्याच सासूला सांगणार, मी अपुरी आहे म्हणून? अगं, लाज कुठे ठेवलीस, त्या खांबावर?"

"मग कॅलम सांगेल."

"म्हणजे नवऱ्या मुलानं आईला सांगायचं, मी आणलेली पोर अपुरी आहे. ती विचारेल, मग आणलीस कशाला?"

तिकडे वारा वाढला.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा वादळात वर चढलेलं बरं."

"चढ. पण ते मीच म्हणणार, आणि त्यांच्या भाषेत म्हणणार."

माझा मुलगा असता तर इंग्रजी शब्द त्यानंच शोधून दिला असता. तो नाही. घरात आता मी आणि माझी सून, दासोलची आई. दोघी मिळून पर्सिमनची केशरी फळं सोलतो, दोरीला टांगतो, सुकवतो, विकतो. सून कमी बोलते. गावाला वाटतं सोशिक आहे. सोशिक कसली, साठवते.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, म्हणजे भाऊ आजारी असायचा तेव्हा त्याच्या जागी जाऊन बसले. तेव्हा इंग्रजी शब्द कुठून आणायचा? फ्यो गुरुजींकडून. माझ्या नवऱ्याचे दोस्त. अर्ध्या गावाला त्यांनी इंग्रजी शिकवलं, आणि त्या अर्ध्या गावाला ते अजून येत नाही. निवृत्त झाल्यापासून गावच्या मंडपात बसून बुद्धिबळाच्या सोंगट्या हलवतात आणि हरले की समोरच्याला इंग्रजीत शिवी देतात. मी त्यांना अंगणात बोलावलं, पुढ्यात मऊ पिकलेल्या पर्सिमनचं ताट ठेवलं, आणि म्हटलं, "मी सोलते, तुम्ही बोला. अपुरीला काय म्हणतात?"

गुरुजींनी डिक्शनरी उघडली. तिला पुठ्ठा राहिलेला नाही, 'ए'ची पानं उंदरांनी खाल्लीत.

"वहिनी, तसे पुष्कळ शब्द आहेत. तुम्हाला कोणता हवाय?"

"पुष्कळ? एका अपुरेपणाला?"

"इंग्रज लोक दुसऱ्याचे दोष बारकाईनं बघतात. हा घ्या, पुअर."

"हा कुणाकुणाला लावतात?" मी विचारलं. शब्दाची पारख माणसासारखीच करावी लागते. तो स्वतः काय सांगतो ते ऐकायचं नाही, कुणाबरोबर उठतो-बसतो ते बघायचं. दोन जावई मी असेच निवडले.

"भिकाऱ्याला. पीक बुडालं तर पिकाला. नापास मुलाला."

"नको. पुढे."

"इनकम्प्लीट. अर्धवट राहिलेल्या पुलाला लावतात. घराला."

"पोरीला हात-पाय आहेत सगळे. पुढे."

"डिफेक्टिव."

"हा कुणाला?"

"यंत्राला. दुकानातून आणलेला पंखा फिरला नाही, की तो डिफेक्टिव. मग तो परत पाठवतात."

माझ्या हातून सुरी सुटली. "गुरुजी! परत पाठवतात तो शब्द तुम्ही लग्नाच्या बैठकीत देताय?"

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं," ते फळाची साल चोखत म्हणाले. "मग इम्परफेक्ट घ्या. हा सगळ्यांना चालतो. देव सोडून सगळी माणसं इम्परफेक्ट."

"सगळ्यांनाच लागू, तर सांगायचं कशाला? आमच्या पोरीला नाक आहे असं म्हटल्यासारखं झालं."

शेवटी त्यांनी एक काढला, इनअ‍ॅडिक्वेट. पगाराला लावतात म्हणाले, शाळेच्या छपराला लावतात, मोठमोठे लोक सभेत वापरतात. लांब होता. लांब शब्दात मान असतो. मला पसंत पडला. गुरुजींनाही बरं वाटलं, कारण ताट संपलं होतं.

त्या दिवसापासून मी फळं टांगताना घोकायला लागले. एक फळ, इन. दुसरं, अ‍ॅ. तिसरं, डि. चौथं, क्वेट. एक अख्खी दोरी इनअ‍ॅडिक्वेटनं भरली. सून पलीकडच्या पाटावर बसून सोलत होती. सालीची लांबच लांब फीत न तोडता काढते ती. दुसरी दोरी सुरू केली तशी म्हणाली, "सासूबाई, तो शब्द नका घेऊ."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"सातवीत होते तेव्हापासून ओळखते मी त्याला. गुरुजी मला वर्गात उभं करून हाच म्हणायचे."

"मग? मेलीस का त्यानं?"

"मेले नाही. पण दोघी वर्गमैत्रिणी अजून बाजारात मला त्याच नावानं हाक मारतात." तिनं सोललेलं फळ टोपलीत ठेवलं, दुसरं घेतलं. "आणि आणखी एक. माझ्या आईनं तुमच्यासमोर मान लववून अपुरी म्हटलं, ते तुम्ही आजतागायत खरं धरून बसलात. भात करपला, 'तुझ्या आईनं सांगितलंच होतं.' किमचीचं लोणचं खारट झालं, 'तुझ्या आईनं सांगितलंच होतं.' तुम्हाला तर ही रीत माहीत होती. त्या बाईंना तीही माहीत नाही. ती बाई काय करेल आमच्या दासोलचं?"

एवढं सगळं ती साल न तोडता बोलली.

मी म्हटलं, "भात खरंच करपायचा."

"करपायचा," ती म्हणाली, आणि पुढे सोलायला लागली.

तिच्याशी मी त्या दिवशी बोलले नाही. राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. सून बोलली त्यात तथ्य होतं. तिला मी तसं सांगितलं नाही, सांगणारही नाही. आपण शब्द एकदाच म्हणतो आणि जेवून घरी येतो. तो शब्द मात्र तिथेच राहतो, सासूच्या हाताशी. पोर सातासमुद्रापलीकडे जाणार. तिथे तिची बाजू घेऊन भांडायला मी नसणार. मी दिलेल्या शब्दानंच तिला कुणी रोज मारलं तर?

दुसऱ्या दिवशी मीच मंडपात गेले. गुरुजी हरत होते.

"शब्द बदलून द्या."

"काय बिघडलं त्याचं?"

"मला असा हवाय की कमीपणाचा दिसेल, पण सासूला उचलून मारता येणार नाही."

"वहिनी, शब्द म्हणजे काय केरसुणी आहे?"

"सासूच्या हातात गेलं की सगळंच केरसुणी. मी सासू आहे, मला शिकवू नका."

समोरच्या म्हाताऱ्यानं गुरुजींचा हत्ती मारला. गुरुजींचं लक्षच नव्हतं. मी तिथेच उभी राहून सगळे शब्द पुन्हा मनात फिरवले, आणि ज्याला मी पहिल्या दिवशी हाकलला होता त्याच्यापाशी येऊन थांबले.

"तो सगळ्यांना लागू होणारा. देव सोडून."

"इम्परफेक्ट? तुम्हीच म्हणालात नाक आहे म्हटल्यासारखं."

"तेच तर. उद्या ती बाई दासोलला म्हणाली, तू इम्परफेक्ट, तर दासोल म्हणेल, आपणही, सासूबाई."

गुरुजी हसले. समोरचा म्हातारा पण हसला, त्याला इंग्रजी येत नव्हतं तरी.

बैठक सांगजूतच ठेवली. मोठ्या रस्त्यावरच्या खाणावळीत, मागची वेगळी खोली. मी माझा निळा हानबोक नेसले, लग्नकार्याचा घेरदार पोशाख. सुनेनं केस कापून घेतले होते. मॉरॅग आली तेव्हा आधी तिचे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न सुटायला वेळ लागला. आमच्यासारखी मांडी घालून बसायला गेली ती बुटक्या टेबलासकट उठली. मग कॅलमनं तिच्या पाठीमागे उशा रचल्या आणि पाय टेबलाखालून लांब केले, ते थेट माझ्या गुडघ्यापर्यंत आले. बाई रुंद, गालांवर लाली, अंगात नवा कोट. मी तिचे हात बघितले आणि मला बरं वाटलं. नखं झिजलेली, बोटांना चिरा. काम केलेले हात होते.

वाट्यांनी टेबल भरलं. मॉरॅग प्रत्येक वाटीकडे असं बघत होती, जणू त्यातून काहीतरी उठून तिला नाव विचारणार आहे. पण खात होती. मुळ्याची किमची खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली. मी सुनेला कोपरानं ढोसलं. सासू म्हणून चालण्यासारखी आहे, असा त्याचा अर्थ.

मग मी हात पुसले, पाठ ताठ केली, मान लववली आणि म्हटलं, "आवर दासोल, इम्परफेक्ट गर्ल. प्लीज."

म्हटलं ते स्पष्ट म्हटलं. गुरुजींनी ऐकलं असतं तर मंडपात गोड वाटलं असतं.

कॅलमचा घास हातातच राहिला. दासोलनं डोळे मिटले. मॉरॅगनं आधी माझ्याकडे बघितलं, मग दासोलकडे वळली, आणि बाजारात जनावर बघतात तशी तिला बघायला लागली. डोळे, दात, खांदे. मग लेकाला हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी दासोलला विचारलं.

"आजी, मी सांगितलं होतं ना तुला!"

"ते नंतर ओरड. काय म्हणते?"

"विचारतायत, मला काय झालंय. काही दुखणं आहे का. म्हणतात, एवढ्या लांबून माणूस आलं आणि आजीनं पहिलं वाक्य हेच बोललं, म्हणजे मोठंच काहीतरी लपवलेलं असणार."

इम्परफेक्टला मी पहिल्या दिवशी हाकलला होता, तेच बरोबर होतं. पोरीला नाक आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर ऐकणारा नाकाकडेच बघत बसतो. पण आता ते सांगून काय उपयोग? सावरायला हवं होतं. माझ्याकडे आणखी शब्द होते. मी घाईघाईनं म्हटलं, "नो, नो. इनअ‍ॅडिक्वेट!"

मॉरॅगचा काटा खाली.

"सासूबाई," सून कुजबुजली, "थांबा."

"पुअर!" मी म्हटलं. आता थांबणं शक्य नव्हतं. उतारावर गाडा सुटला की धरायला जाणाऱ्याचाच हात जातो.

मॉरॅगनं ओठ पुसले. मग दासोलकडे न बघता, माझ्याचकडे बघत एक सावकाश वाक्य बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दासोलचा चेहरा पडला.

"विचारतायत, तुम्हाला ही पोर नको झालीय का? म्हणून लांब लोटून देताय का?"

एवढी जिभेची मी, पण नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही. सुनेचा हात टेबलाखाली माझ्या हातावर आला. तो गार होता.

तेवढ्यात कॅलम बोलायला लागला. आईशी, भरभर, हातवारे करत. एकदा माझ्यासारखी मान लववून दाखवली, एकदा छातीवर हात ठेवला, एकदा दासोलकडे बोट दाखवून ते बोट जमिनीपर्यंत खाली नेलं आणि मग छतापर्यंत वर नेलं. खांबावर चढणाऱ्या माणसाला उंची बरोबर दाखवता येते. मॉरॅगच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "आह," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग आपल्या लेकाच्या पाठीवर असा धपाटा घातला, की त्याच्या हातातली वाटी हिंदकळली, आणि बोलली, "यूसलेस."

"हे काय आणखी?"

"आजी, हे मी नाही सांगणार," दासोल ओठ दाबत म्हणाली.

"सांग!"

"कॅलम बिनकामाचा आहे म्हणतात."

"अगं, पण मुलाकडच्यांनी मुलाला कमी सांगायची रीत नाही!"

मॉरॅगला कुणी तरी रीत सांगायला हवी होती. ती रंगात आली होती. हा नाकासमोरची वस्तू बघत नाही. यानं लहानपणी कुंपणाचं दार उघडं टाकलं आणि एडका शेजाऱ्याच्या कळपात गेला, तो शेजारी अजून बोलत नाही. याला चहा करता येत नाही, गरम पाणी करतो आणि त्याला चहा म्हणतो. दासोल सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. लेक बिचारा मान खाली घालून डाळिंबासारखा लाल. मी मनातल्या मनात त्या बाईला मानलं. पोटच्या पोराला इतक्या मायेनं धुताना मी फक्त एकीलाच बघितलंय, आरशात.

मग मॉरॅग उशांवरून कशीबशी पुढे झाली, दासोलच्या खांद्यावर आपला चिरा पडलेला हात ठेवला आणि अगदी थोडकं काही बोलली. दासोलचं तोंड उजळलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, चालेल."

"काय चालेल?"

"मी. मी चालेन म्हणाल्या."

आमच्याकडे आपल्या पोराबाळांची आपणच तारीफ करणाऱ्याला महामूर्ख म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. सबंध जन्मात मी ती चूक केली नव्हती. पण चालेल? काटकसरीची चादर आहे का ती? पायपुसणं आहे?

"चालेल?" मी उठून उभी राहिले. हानबोकचा घेर वाटीत गेला, जाऊ दे. "तिला सांग, चालायला ती चप्पल नाही! सांग तिला, ही पोर पाच वर्षांची होती तेव्हा माडीच्या तुळईवर चढून फळं टांगायची. बाप गेला तेव्हा हिनं आईला जेवायला घातलं, आणि मला पण, मी नको म्हणत असताना. परीक्षेत पहिली आली ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. वादळात वरचं चाक अडकलं, पुरुष खाली उभे राहिले आणि ही वर गेली. हिच्यासारखी पोर आमच्या खोऱ्यात नाही, त्यांच्या डोंगरात असेल तर दाखव म्हणावं! आणि हसते तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जातं, ते काढून टाकायला सांगू नका, ते तसंच राहिलं पाहिजे. सांग, सांग तिला!"

दासोलनं काही सांगितलं नाही.  नाक पुसायला तिनं माझ्याच हानबोकची बाही धरली होती. तीस वर्षांची घोडी.

 एवढी आमची भाषा कॅलमजवळ नव्हती. मॉरॅग एकेकाकडे बघत होती, हे काय चाललंय म्हणून. तेव्हा माझी सून उठली. सरळ उभी राहिली, दोन्ही हात पुढे बांधून, वर्गात उभं करतात तशी.

"ग्रँडमदर से," ती म्हणाली. "दासोल, बेस्ट."

आणि खाली बसली.

"एवढंच?" मी म्हटलं. "एवढं सगळं मी बोलले आणि तू एक शब्द सांगितलास?"

"सासूबाई, बाकीचं त्यातच आलं."

मॉरॅग हसायला लागली. अशी हसली की खाणावळीची बाई दार सरकवून बघून गेली. दासोलचं हसणं दोन घरं ओलांडतं, हिचं डोंगर ओलांडेल. मग कॅलमनं मला समजावलं, हात जोडून, "आजी, तू रागावू नका. आईचा 'चालेल' म्हणजे सगळ्यात वरचा शब्द. त्याच्या वर आमच्याकडे काही नाही. आमचे बाबा एवढी वर्षं संसार करतो, त्यांना ती अजून 'बरा आहेस' म्हणते."

म्हणजे तिकडेही बायका आपल्यासारख्याच, शब्द जपून खर्च करणाऱ्या. फक्त त्या घेताना कमी सांगतात, आम्ही देताना. मी बसले. मॉरॅगनं स्वतःच्या वाटीतला माशाचा सगळ्यात चांगला तुकडा काट्यानं उचलून माझ्या भातावर ठेवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर सगळं झटपट ठरलं. मे महिन्यापर्यंत त्यांच्या मेंढ्या विणार, ऑक्टोबरपासून आमची फळं. मग लग्न जूनमध्ये, तिकडे, त्यांच्या गावात. दासोलला पाहिजे तेव्हा माहेरी पाठवायचं, हे मी दोनदा वदवून घेतलं. आणि मॉरॅगची एकच अट होती. ती दासोलनं सांगितली तेव्हा माझा विश्वास बसेना. मॉरॅगला चार बहिणी आहेत. चौघीही चौकस, चौघींच्याही सुना त्यांच्या मते गुणाच्या. मॉरॅगनं दासोलबद्दल काहीही सांगितलं तरी त्या नाकं मुरडणार. तेव्हा लग्नाच्या दिवशी मी तिथे उभं राहायचं आणि आज जे बोलले ते सगळंच्या सगळं पुन्हा बोलायचं, त्याच आवाजात. आणि दुसऱ्याच्या तोंडून नाही, थेट इंग्रजीत.

"तुझी आजी म्हणजे माझा तोफखाना, असं म्हणतायत," दासोल म्हणाली.

"येईन म्हणावं," मी म्हटलं.

म्हणून सध्या फ्यो गुरुजी रोज आमच्याकडे असतात. फळं सुकून झालीत, त्यांना पांढरी साखर सुटलीय, सून आणि मी खोक्यांत भरतोय, आणि गुरुजी शेगडीजवळ बसून खोक्यात जायची फळं तोंडात घालतात आणि शब्द काढतात. या खेपेला वरचे.

"एक्सलंट. वंडरफुल. स्प्लेंडिड. रिमार्केबल. आउटस्टँडिंग," त्यांनी वाचलं. "वहिनी, यातला एक निवडा. प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. स्प्लेंडिडमध्ये थाट आहे, रिमार्केबल म्हणजे लोक वळून बघतात…"

"निवडायचं कशाला? सगळे लिहून द्या."

"एकाच पोरीला इतके लावले तर ऐकणाऱ्याला खोटं वाटतं."

"ऐकणाऱ्या चार आहेत. एकीला एक गेला तरी वर एक उरतो."

गुरुजींनी मान हलवली आणि लिहिलं. आमच्या लिपीत, मोठ्या अक्षरात. चार पाठ झाले. राहिला तो रिमार्केबल. तो तोंडातून निघताना माझी कवळी दरवेळी सुटते, आणि काल तर थेट खोक्यात पडली.

सून म्हणाली, "सासूबाई, तो तुमच्या कवळीला झेपत नाही. सोडून द्या, बाकीचे पुरेत."

लोकांनी वळून बघावं असा तो एकच शब्द, आणि तोच सोडू? मी तिला सांगितलं, शब्द राहील, मी कवळी बदलते. सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.